रिकाम्या स्टुलावर कोण बसणार?

वाचकांचे प्रश्न, एका ड्रमशिक्षिकेची उत्तरं

कॅनडातल्या रश या रॉक बँडने नव्या ड्रमरसह दौरा जाहीर केल्यापासून माझ्या टपालाचा सूरच पालटलाय. एरवी मला दोन तऱ्हेची पत्रं येतात : मनगट दुखतं, काय करू, आणि शेजारी ओरडतात, काय करू. या खेपेला मात्र मंडळी भांडायच्या तयारीने आली आहेत. तेव्हा मनगटं आणि शेजारी पुढच्या महिन्यात.

प्रश्न : ताई, मी चाळीस वर्षं रश ऐकतोय. ड्रमर नील पर्ट गेल्यावर उरलेल्या गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी दुकान बंद करायला हवं होतं. आता अनिका निलेस नावाची जर्मन मुलगी त्याच्या जागी बसणार म्हणे. वाजवत असेल चांगलं, पण मला ही विटंबना वाटते. पर्टची जागा भरून निघेल असं तुम्हाला खरंच वाटतं का?
– एक दुखावलेला श्रोता

आधी उच्चाराचं बघू. तो स्वतःचं आडनाव 'पीर्ट' असं सांगायचा. चाळीस वर्षांच्या प्रेमाला एवढी दुरुस्ती सोसेल. दुसरं म्हणजे निलेस 'मुलगी' नाही, चाळिशी ओलांडलेली बाई आहे. तिसरं आणि महत्त्वाचं : ज्याची जागा घेतली म्हणून तुम्ही चिडला आहात, तो माणूसही बदली ड्रमर म्हणूनच आला होता.

रशचा पहिला ड्रमर जॉन रटसी. १९७४ च्या पहिल्या अल्बमवर तोच वाजवतोय. अमेरिकेचा दौरा तोंडावर आलेला असताना तो बाहेर पडला. पीर्ट तेव्हा कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सला वडिलांच्या दुकानात शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकत होता. २९ जुलै १९७४ ला तो बँडमध्ये आला. त्या दिवशी गेडी लीचा एकविसावा वाढदिवस होता. १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये पहिला कार्यक्रम. हातात होते सोळा दिवस आणि दुसऱ्याने बसवलेली गाणी. त्या दिवशी रटसीचा एखादा चाहता समोर बसला असता, तर त्याने तुमच्यासारखंच पत्र लिहिलं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न. जागा भरून निघेल का, याला 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी जागा कसली होती ते पाहावं लागतं. मोठे ड्रमर जातात तेव्हा सगळ्यांच्या मागे एकाच आकाराचं भोक पडत नाही. पीर्टचं वाजवणं लिहिलेल्या बंदिशीसारखं होतं. तो रोज स्टेजवर सुचेल ते वाजवणारा नव्हता. कुठल्या ओळीनंतर कुठला टॉम (संचातला मधल्या आकाराचा ड्रम), किती ठोके, हे ठरलेलं असायचं आणि रात्रीमागून रात्री तेच, तितकंच नेटकं. म्हणून तर समोरचे हजारो लोक हवेत हात उडवून त्याच्यासोबत अचूक वाजवू शकायचे. दुसऱ्या कुठल्या बँडचे श्रोते ड्रमचा तुकडा असा तोंडपाठ म्हणतात?

याचा अर्थ असा की निलेसला तिथे फार मोकळीक नाही. ठरलेल्या जागी ठरलेलं आलं नाही, तर तुमच्यासारख्यांचे हात हवेत अधांतरी राहतील. पण तिच्या सोयीचीही एक गोष्ट त्यातच आहे. बंदिश लिहिलेली असते, म्हणून ती शिकता येते. पीर्टने ड्रमची बाजू इतकी पक्की बांधून ठेवली की त्याच्या माघारी ती उभी राहू शकते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये फू फायटर्स बँडचा ड्रमर टेलर हॉकिन्सच्या स्मृतीसाठी झालेल्या दोन मैफिलींत ली आणि लाइफसन यांच्यामागे डेव्ह ग्रोल, ओमर हकीम, डॅनी कॅरी असे निरनिराळे लोक बसले, आणि गाणी ओळखू आली.

ज्या जागेवर कोणी बसू शकत नाही ती वेगळीच. रशची जवळजवळ सगळी गीतं पीर्टने लिहिली. त्या खुर्चीकडे ली आणि लाइफसन कोणाला बोलावतही नाहीत. ती जुनीच गाणी घेऊन निघाले आहेत.

आणि घाईचा आरोप तरी त्या दोघांवर करू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पीर्टची मुलगी अपघातात गेली, दहा महिन्यांत बायको कर्करोगाने गेली. मला निवृत्त समजा, असं सांगून तो मोटारसायकलवर निघाला आणि हजारो मैल हिंडत राहिला. तेव्हा या दोघांनी दुसरा ड्रमर शोधला नाही. थांबले. पुढचा अल्बम आला तो थेट २००२ मध्ये. मग १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये शेवटचा कार्यक्रम, ७ जानेवारी २०२० ला पीर्टचा मृत्यू, आणि दौऱ्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्या घोषणेला पीर्टची दुसरी पत्नी कॅरी आणि त्यांची मुलगी ऑलिव्हिया यांनी जाहीर पाठिंबा दिला. दौऱ्याची सुरुवात जून २०२६ मध्ये त्याच फोरममधून ठरवली गेली. विटंबना करणारी माणसं इतका हिशेब ठेवत नाहीत हो.

निलेस सापडली कशी, तेही सांगते. गेडीच्या बास गिटारी सांभाळणारा माणूस २०२२ मध्ये गिटारवादक जेफ बेकसोबत काम करत होता. बेकच्या मागे ड्रमवर निलेस होती. त्याने परत येऊन नाव सांगितलं. आमच्या धंद्यात खरी शिफारस अशीच मिळते : वाद्यं उचलणाऱ्याकडून. तो रोज रात्री बाजूला उभा राहून ऐकत असतो आणि त्याला कोणाला खूश करायचं नसतं.

प्रश्न : मी गिटार वाजवतो. द हू हा ब्रिटिश बँड ऐकताना एक कोडं सुटत नाही. ड्रमर कीथ मूननंतर आलेला केनी जोन्स मला मूनपेक्षा सफाईदार वाटतो. लय हलत नाही, ठोका स्वच्छ. तरी बँड ढेपाळल्यासारखा का वाटतो?
– सहा तारांचा माणूस

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. तुम्ही दोष बरोबर ऐकलात. तो माणसात शोधू नका, एवढंच.

बहुतेक बँडमध्ये ड्रम आणि बास मिळून जमीन घालतात आणि गिटार त्यावर नाचते. द हूमध्ये घर उलटं बांधलेलं होतं. लय धरायचा गिटारवादक पीट टाउनशेंडचा उजवा हात. बासवर जॉन एंटविसल मुख्य गिटारवादकासारखा धावायचा. त्यामुळे मूनला जमीन घालायची गरजच नव्हती, तो छपरावर. दोन बास ड्रम, टॉमची रांग, झांजांचा सततचा कल्लोळ, आणि हाय-हॅटशी (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीशी) फारशी सलगी नाही. गायक ओळ संपवून श्वास घेईल तेव्हा भर घालायची, ही ड्रमरची रीत. मून ओळ चालू असतानाच भर घालायचा, जणू तोही गातोय. कुठलाही शिक्षक (मीसुद्धा) विद्यार्थ्याला हे करू देणार नाही.

आणि तरी तो बेताल नव्हता. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या सिंथेसायझरच्या टेपवर ती मंडळी स्टेजवर गाणी वाजवत. टेप कोणासाठी थांबत नाही. मून डोक्याला हेडफोन घट्ट बांधून तिच्याबरोबर शेवटपर्यंत जायचा. त्याच्या धिंगाण्याच्या गोष्टी सांगणारे ही गोष्ट विसरतात.

७ सप्टेंबर १९७८ ला तो गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, दारू सोडण्यासाठी दिलेल्या गोळ्या अति घेऊन. त्याच्या जागी स्मॉल फेसेस आणि फेसेस या बँडमधला केनी जोन्स आला आणि २ मे १९७९ ला लंडनच्या रेनबो थिएटरात त्याच्यासह पहिला कार्यक्रम झाला. जोन्स म्हणजे जातिवंत ठेकेदार : दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (खाली तारा असलेला चपटा ड्रम), मध्ये सगळं जागच्या जागी. आता बघा काय झालं. टाउनशेंड लय धरतोय, जोन्सही लय धरतोय. एकाच दाराला दोन कड्या, आणि वरच्या खिडकीला एकही नाही. गायक रॉजर डाल्ट्रीने जोन्स या बँडसाठी योग्य नव्हता असं पुढे उघड सांगितलं. माझ्या मते यात जोन्सवर अन्याय आहे. कोणीही आला असता तरी टाउनशेंडला आपला उजवा हात बदलावा लागला असता, आणि पंधरा वर्षं मुरलेला हात बदलत नाही.

१९९६ मध्ये झॅक स्टार्की आला. बीटल्सच्या ड्रमरचा, रिंगो स्टारचा मुलगा. त्याला लहानपणी किट, म्हणजे ड्रमचा संच, दिला होता मूननेच. घरात तो 'अंकल कीथ'. झॅकने मूनचे ठोके उतरवले नाहीत. त्याने मूनची बसायची जागा ओळखली : छपरावर, गायकाच्या शेजारी. तिथून जे सुचेल ते स्वतःचं वाजवलं. जवळजवळ तीस वर्षं तो टिकला, मूनच्या दुपटीहून जास्त. २०२५ मध्ये एप्रिलात काढला, काही दिवसांत परत घेतला, मे महिन्यात पुन्हा काढला, आणि निरोपाच्या दौऱ्यावर स्कॉट डेव्हर्स वाजवायला बसला. त्या भांडणात मी पडत नाही.

तुम्ही घरी एक प्रयोग करा. जोन्सच्या काळातली चित्रफीत लावा, ड्रमकडे बघूच नका. टाउनशेंडचा उजवा हात बघा.

प्रश्न : ताई, आमच्या बँडचा ड्रमर पुढे शिकायला निघून गेला. पाच वर्षं तोच होता, सगळ्यांचा लाडका. मला बोलावलंय. दर तालमीत 'तो इथे असं करायचा' हे वाक्य चारदा तरी ऐकावं लागतं. मी हुबेहूब त्याच्यासारखं वाजवू की माझं वाजवू?
– वय २०, नवीन भरती

बाळा, माझी गोष्ट ऐक. मी बावीस वर्षांची असताना मला असंच बोलावणं आलं. आधीचा ड्रमर सहा फुटी, मी पाच फूट एक. पहिल्या दिवशी गेले तर किटखाली त्याचाच गालिचा अंथरलेला. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा : हाय-हॅटचे तीन पाय इथे, बास ड्रमचे दोन काटे इथे, स्टूल इथे. प्रत्येक खुणेशेजारी मार्करने त्याच्या अक्षरात आकडा. मी मुकाट्याने त्या खुणांवर किट मांडलं. वाटलं, हाच मान. राइड झांज गाठायला मला स्टुलावरून अर्धवट उठावं लागायचं. तीन आठवड्यांत उजवा खांदा असा भरून आला की केस विंचरता येईनात.

त्याहून वाईट म्हणजे बासवाला. एका गाण्यात दर आठव्या आवर्तनाला तो मान वळवून माझ्याकडे बघायचा आणि लगेच नजर खाली घालायचा. मला वाटायचं, मी चुकतेय. घरी जाऊन तो तुकडा शंभरदा घासला. तरी मान वळायचीच. शेवटी विचारलं, तर त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. उलगडा केला गायिकेने : जुना ड्रमर क्रॅश झांज मारायच्या अर्धी मात्रा आधी हनुवटी वर करायचा, आणि बासवाला सहा वर्षं ती हनुवटी बघून पुढच्या सुरावर जायचा. ठोके सगळे बरोबर पडत होते. हनुवटी गायब होती.

मी काही हनुवटी उचलायला लागले नाही. त्याच अर्ध्या मात्रेवर हाय-हॅट किंचित सैल सोडायला लागले, 'त्स' एवढंच. आठवड्याभरात मान वळणं थांबलं. त्याच रात्री गालिच्यावरच्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. डिंक मात्र निघाला नाही. त्याला धूळ चिकटून काळे चौकोन झाले, ते शेवटपर्यंत माझ्या पायाखाली होते.

तेव्हा तुझ्या मित्रांच्या 'तो इथे असं करायचा' या वाक्याचा राग मानू नकोस. त्यांना त्याचे ठोके आठवत नसतात. स्वतः कुठे वळायचे ते आठवत असतं. दर वेळी उलट विचार : 'मग तिथे तू काय करायचास?' उत्तर ऐकून वही भरेल तुझी.

बाकी कामाचं थोडं. गाणं सुरू करताना तो मोजायचा कसा, हे पहिल्या दिवशी विचारून घे. चार काड्या की दोन, तोंडाने की नुसती मान, आणि वेग मोजण्यातला की पहिल्या ठोक्यातला. कारण कित्येक ड्रमर मोजतात हळू आणि सुटतात जोरात, आणि बँडला तीच सवय असते. मोजणं आहे तसं ठेव. प्रत्येक गाण्यात लोक ज्या एक-दोन जागांची वाट बघत असतात त्या आहेत तशा दे. उरलेलं गाणं तुझं आहे, कोणाला विचारू नकोस. आणि किट तुझ्या उंचीला मांड, आजच.

प्रश्न : प्रेक्षकांतल्या कुणीतरी उठून द हूसोबत ड्रम वाजवले, ही दंतकथा की खरं?
– शंकेखोर

खरं. २० नोव्हेंबर १९७३, सॅन फ्रान्सिस्कोजवळचं काऊ पॅलेस. मून वाजवता वाजवता किटवरच कोसळला. आत नेऊन सावरला, आणला, पुन्हा कोसळला. टाउनशेंडने माइकवरून विचारलं, कोणी ड्रम वाजवतं का, पण चांगलं वाजवणारा हवा. स्कॉट हॅल्पिन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा मित्राने पुढे ढकलल्यामुळे वर पोचला. वर्षभर त्याने काडी हातात धरली नव्हती. तीन गाणी वाजवली, शेवटी सगळ्यांसोबत वाकून नमस्कार केला. आठवण म्हणून बँडने त्याला जाकीट दिलं. ते त्याच रात्री चोरीला गेलं.

प्रश्न : लेड झेपेलिनने ड्रमर बॉनमनंतर बँड मोडला तो बरोबर, असं माझं मत. पण मग त्याच्या मुलाला घेऊन २००७ मध्ये वाजवलं ते कसं चाललं? रक्ताचं नातं असलं की सगळं माफ?
– कडक शिस्तीचा

रक्ताने पेडल चालत नाही. झॅकच्या बापाचं नाव रिंगो, आणि वाजवायचं होतं मूनच्या जागी. म्हणजे रक्त तिथे उपयोगाचं नव्हतंच.

जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० ला गेला, तोही बत्तिसाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात उत्तर अमेरिकेचा दौरा सुरू व्हायचा होता. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी छोटं निवेदन काढलं : आता पूर्वीसारखं पुढे जाणं शक्य नाही. त्यांचं भोक पीर्टसारखं लिहिलेलं नव्हतं आणि मूनसारखं उलटंही नव्हतं. बॉनमचा उजवा पाय आणि जिमी पेजची गिटार एकमेकांत विणलेली होती. ‘कश्मीर’ घ्या. गिटारचा तुकडा तिनात फिरतो, ड्रम चारात चालतात, बारा मात्रा झाल्या की दोघं समेवर भेटतात. तिथे ड्रमरने करायचं काय? काहीच नाही. साधा, जड, संथ ठोका, हललेला नसलेला. हात शिवशिवतात हो अशा वेळी! नव्या माणसाला वाटतं, एवढ्या मोठ्याच्या जागी बसलोय तर काहीतरी दाखवलं पाहिजे. दाखवलं की गाणं मेलं.

१३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफिलीत त्यांनी फिलाडेल्फियात एक नव्हे दोन ड्रमर बसवले : टोनी थॉम्पसन आणि लंडनहून कॉनकॉर्ड विमानाने आलेला फिल कॉलिन्स. दोघंही वाघ. तालीम जवळजवळ नाही. निकाल असा की त्या कार्यक्रमाच्या अधिकृत डीव्हीडीत आपला भाग घालायला खुद्द बँडनेच नकार दिला.

जेसन बॉनम बाप गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात बसला तेव्हा एकेचाळीस : बापाहून नऊ वर्षांनी मोठा. मध्ये त्याने सत्तावीस वर्षं ही गाणी ऐकण्यात आणि वाजवण्यात घालवली होती, आणि त्या रात्रीआधी भरपूर तालमी झाल्या होत्या. मला तरी या दोन गोष्टी रक्तापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. पुढच्या वर्षी पेज, बासवादक जॉन पॉल जोन्स आणि जेसन यांनी दुसरा गायक घेऊन पाहिला, जमलं नाही. म्हणजे ड्रमरची जागा भरली तर गायकाची रिकामी झाली!

प्रश्न : रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्ससारखा साधा वाजवणारा गेला तर त्याच्या जागी कोणीही चालेल, असं आमच्याकडे एक जण छातीठोकपणे सांगतो. तुमचं मत?
– वादात हरलेला

त्याला किटवर बसवा आणि हे वाजवायला सांगा. उजव्या हाताने हाय-हॅटवर आठ ठोके, डाव्याने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर. सोपं. आता स्नेअर पडतो त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून उचला, म्हणजे आठाचे सहा होतील आणि स्नेअर एकटा वाजेल. पूर्ण गाणं असं वाजवा, खांदा न आखडता. वॉट्स वर्षानुवर्षं असंच वाजवायचा. दुरून बघताना तो हात गरम तव्याला लागल्यासारखा मागे येताना दिसतो.

पण खरी अडचण हाताची नाहीच. स्टोन्सचा जुना बासवादक बिल वायमन सांगायचा की इतर बँड ड्रमरच्या मागे जातात, आमचा ड्रमर गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या मागे जातो. गिटार पुढे, तिच्या केसभर मागे ड्रम, त्यांच्या आगेमागे बास. त्या डुगडुगीतच सगळी मजा आहे. मेट्रोनोमच्या क्लिकवर बसवलेला अचूक ड्रमर तिथे आणलात, तर डुगडुग जाईल आणि उरतील ऐंशी ओलांडलेले दोन गृहस्थ.

म्हणून स्टीव्ह जॉर्डन. रिचर्ड्सच्या स्वतंत्र बँडमध्ये तो १९८० च्या दशकापासून होता. १९८८ चा अल्बम दोघांनी मिळून केला. आणि रिचर्ड्सला त्याचं नाव सुचवलं होतं खुद्द वॉट्सने. ऑगस्ट २०२१ मध्ये वॉट्सला उपचारासाठी थांबावं लागलं, तेव्हा जॉर्डन बदली येणार असं जाहीर झालं. वॉट्सने त्यावर, या वेळी माझं टायमिंग थोडं चुकलं, अशी कोटीही केली. २४ ऑगस्टला तो गेला. २६ सप्टेंबरला सेंट लुईसमध्ये दौरा सुरू झाला तेव्हा स्टेज रिकामं होतं. नुसता ड्रमचा ठोका, आणि पडद्यावर वॉट्सची छायाचित्रं. मग बाकीचे आले.

कोणाची बदली सगळ्यात चांगली, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगून टाकते : हीच. जॉर्डनकडे वॉट्सचा हात नसेल, पण रिचर्ड्सची गिटार कुठे घसरणार हे त्याला तीस वर्षं आधी ठाऊक होतं.

प्रश्न : ज्यांनी बदलीच घेतली नाही असा बँड आहे का?
– एका ओळीचं पत्र

डेफ लेपर्ड. १९८४ च्या ३१ डिसेंबरला मोटार अपघातात रिक ॲलनचा डावा हात गेला. बँडने दुसरा माणूस शोधला नाही. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाने काढता येतील असं इलेक्ट्रॉनिक किट त्याने बनवून घेतलं, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये तो डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवात वाजवायला बसला. ते लोक दीड-पावणेदोन वर्षं थांबले. तुमच्या पत्राला मी एक ओळ जास्तच लिहिली.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली. किट तसंच खोलीत चादरीखाली आहे. आता माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणते, मला काकाचं किट हवं. आई म्हणते हात लावायचा नाही. काय करावं?
– मोठा भाऊ

आईंना आधी विचारा, त्यांना कुठली एक वस्तू तशीच ठेवायची आहे. बहुतेक वेळा काड्या असतात. त्या त्यांच्याकडे द्या.

मग चादर काढा. कातडी, म्हणजे ड्रमवरचे प्लास्टिकचे पडदे, सहा वर्षांत ताठरून आवाज सोडून देतात. वरचे तरी बदला. स्नेअरच्या खालच्या तारा एकेक करून बघा, वाकलेली असेल तर पूर्ण पट्टाच नवा घाला. झांजा पुसायच्या त्या फक्त ओल्या कापडाने, चकचकीत करू नका. त्यांच्यावर त्याच्या काड्यांचे जे डाग आहेत त्यांनी आवाजाचं काही बिघडत नाही. पेडलची स्प्रिंग सैल करून द्या, मुलीचा पाय हलका असणार. आणि स्टूल बरंच खाली घ्यावं लागेल. स्क्रू गंजून बसला असेल, तर जोर लावू नका, आटे जातात. दोन थेंब तेल सोडून रात्रभर तसाच ठेवा, सकाळी फिरेल.